ग्रेग बदलला तेव्हा आत्ती काय म्हणाली

लॉस एंजलिसच्या पूर्वेला वेस्ट कोविना नावाचं गाव आहे, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. मुद्दाम जाऊन बघावं असं तिथं काही नाही. तरी सुट्टीला बेळगावला गेले की शहापूरच्या आमच्या घरात पहिली चौकशी त्याचीच होते, कारण 'क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड' ही सिरियल तिथं घडते.

न्यूयॉर्कमधली वकील रिबेका बंच चांगली नोकरी सोडून, शिबिरात भेटलेल्या जॉशपायी या गावात येते. विनोदी सिरियल आहे, पण मनातलं सगळं गाण्यांतून येतं. २०१५ ते २०१९, चार सीझन आणि दीडशेहून जास्त नवी गाणी! इथे माझ्या ऑफिसात एकानं विचारलं होतं, "मधेच गायला का लागतात?" शहापुरात हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. 'संगीत सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पात्रानं बोलता बोलता पद सुरू करावं, हे आमच्या आत्तीच्या कानाला लहानपणापासून सवयीचं.

आत्तीला इंग्रजी येत नाही. धाकटी चुलतबहीण शेजारी बसून अर्थ सांगते. ग्रेग हा जॉशचा मित्र, त्याचाही रिबेकावर जीव. 'सेटल फॉर मी' हे त्याचं गाणं लागलं की मात्र आत्ती तिला गप्प करते. जुन्या कृष्णधवल सिनेमासारखा नाच, आणि ग्रेग विनवतोय की तुला जॉश हवाय हे ठाऊक आहे, तरी माझ्यावर भागव. "कळलं की मला, त्याच्या तोंडावर दिसतंय सगळं," आत्ती म्हणते.

चौथ्या सीझनमध्ये या ग्रेगचा नटच बदलला. सांतिनो फोंतानाच्या जागी स्कायलर अ‍ॅस्टिन आला. बहीण भडकली. "हा ग्रेग नव्हेच की! मी बघणारच नाही जा!" वैनी म्हणाली, माणूस सुधारून परत आला की वेगळाच दिसतो, बरोबर दाखवलंय. सिरियलमध्येही साधारण हेच कारण दिलंय. कुंदा संपला तरी वाद संपेना. शेवटी आत्ती म्हणाली, "सौभद्रातला अर्जुन किती जणांनी केलाय, सुभद्रेनं तक्रार केली का कधी? पद नीट म्हटलं की झालं."

वैनीचं मन रिबेकाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीवर, पॉलावर. दोन मुलं, नोकरी, स्वयंपाक सांभाळून ती कायद्याच्या कॉलेजात जाते. आमच्या वैनीनं लग्नानंतर बी.एड. केलं, त्यामुळे पॉलाला कुणी नावं ठेवलेली तिला खपत नाही.

माझं गाणं 'अ डायग्नोसिस'. आपल्या दुखण्याला डॉक्टर आज नाव देणार, आपल्यासारखी माणसं सापडणार, या आशेनं रिबेका गाते. इथे पहिल्या वर्षी मी काही महिने नीट झोपले नव्हते. घरी फोनवर मात्र "मजेत आहे" म्हणायची. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरची वेळ घेतली. शहापुरात ते गाणं लागलं तेव्हा मी हे सगळं पहिल्यांदाच घरच्यांना सांगितलं. बहीण म्हणाली, "तेव्हा का बोललीस नाही गं आक्का?" आत्ती काहीच बोलली नाही. तिनं माझा हात हातात घेतला आणि बहिणीला म्हणाली, "परत लाव बघू ते. या वेळी शब्दन् शब्द सांग मला."