काळी एकचा खर्ज आणि सोळा फुटांची रुंदी : बुकशेल्फ स्पीकर निवडीची नोंद

जून

मिरजेतल्या आमच्या जुन्या घराचा दिवाणखाना २४ फूट लांब, १६ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. आकडे ऐकून कोणालाही वाटेल की एवढ्या ऐसपैस खोलीत स्पीकरला जागाच जागा असेल. प्रत्यक्षात एका आखूड भिंतीत रस्त्याकडचे दार आणि दोन खिडक्या आहेत, दुसरीत स्वयंपाकघराचे दार आणि जिना आहे, तर एका लांब भिंतीला ओळीने तीन दारे आहेत. खोलीच्या उजव्या अर्ध्या भागात आईचा झोपाळा आहे आणि तो हलवण्याचा विषय या घरात निघत नाही. उरते ती दुसरी लांब भिंत आणि तिला लागून असलेले आठ फूट रुंदीचे सागवानी पुस्तकांचे कपाट. त्याच्या फळ्या १४ इंच खोल आहेत. स्टँडवर स्पीकर ठेवले असते तर माणसांची सारी ये-जा त्यांच्यामधून झाली असती, म्हणून तो विचार पहिल्याच दिवशी सोडला.

बुकशेल्फ स्पीकर हे नाव फसवे आहे, हे आपल्या छंदातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. यातले बहुतेक स्पीकर पुस्तकांच्या फळीवर ठेवू नयेत अशाच बेताने बनवलेले असतात. त्यांचा पोर्ट, म्हणजे खालचे स्वर उचलून धरण्यासाठी पेटीला ठेवलेले हवेचे भोक, मागे असतो आणि त्यांना भिंतीपासून हातभर अंतर हवे असते. मला मात्र ते खरोखरच फळीवर ठेवायचे होते, आणि तेही तीन मीटरांवरून ऐकण्यासाठी.

जुलै

सांगलीच्या एका मित्राने मागे पोर्ट असलेला आपला संच पंधरा दिवसांसाठी दिला. तो कपाटात बसवला, समोर आठ फुटांवर, म्हणजे खोलीच्या रुंदीच्या मध्यावर, खुर्ची मांडली आणि खयालाचे एक ध्वनिमुद्रण लावले. गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या एक सप्तक खाली, ६९ हर्ट्झच्या जरा वर. ही तार दर आवर्तनाला अशी घुमत होती की जणू कोणी रांजणात तोंड घालून हुंकार देत आहे. मिरजेत राहून तंबोऱ्याच्या आवाजाकडे काणाडोळा करता येत नाही. खऱ्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचा मूळ स्वर तसा क्षीणच असतो; जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झंकारामुळे, त्याच्या वरचे स्वरांश बोलतात आणि आपला कान त्यांवरून खर्ज ओळखतो. त्यामुळे नेमका तो मूळ स्वर फुगला की आवाज खोटा आहे हे लगेच कळते.

मित्राच्या स्पीकरना दोष देण्याआधी गणित मांडले. आपल्याकडच्या उबेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला तर १६ फुटांच्या, म्हणजे ४.८८ मीटरच्या, रुंदीतला पहिला अनुनाद, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमणारा स्वर, ३५ हर्ट्झवर आणि दुसरा ७१ हर्ट्झवर येतो. या दुसऱ्या अनुनादाचा दाब भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर सर्वाधिक असतो, तर भिंतींपासून चार-चार फुटांवर जवळजवळ शून्य असतो. माझे स्पीकर भिंतीला टेकलेले, म्हणजे त्याला पुरेपूर चेतवणारे, आणि मी मध्यावर, म्हणजे त्याला पुरेपूर ऐकणारा. शिवाय लांबी आणि रुंदी ३:२ या प्रमाणात असल्याने लांबीतला तिसरा अनुनादही त्याच ७१ हर्ट्झवर येऊन बसतो. घर बांधणाऱ्या पणजोबांच्या मनात खर्जाविषयी काही नसावे. सुदैव एवढेच की दोन स्पीकर डाव्या भिंतीपासून साडेचार आणि साडेअकरा फुटांवर येतात, आणि लांबीतल्या त्या अनुनादाचे शून्यबिंदू चार आणि बारा फुटांवर आहेत. त्यामुळे तो फारसा चेतत नाही.

यूमिक-१ हा मोजमापाचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड ही मोफत संगणक-प्रणाली यांनी गणिताला दुजोरा दिला. मध्यावर ७१ हर्ट्झला ९ डेसिबलचा डोंगर होता. खुर्ची बारा फुटांवर नेली तर तिथे खड्डा पडला आणि खर्ज नाहीसाच झाला. साडेदहा फुटांवर दोन्हींच्या मधली, कानाला पटणारी स्थिती मिळाली. स्पीकर हलवता येत नव्हते, पण खुर्चीला कोणाची हरकत नव्हती. माझ्या मते अशा खोलीत स्पीकरची यादी करण्याआधी खुर्चीची जागा ठरवावी, कारण तिच्यावरूनच किती अंतरावर किती आवाज पोहोचवायचा आहे हे कळते.

ऑगस्ट

खुर्ची ठरल्यावर निकष आपोआप आवळले गेले. पोर्ट मागे नको. पेटी सीलबंद तरी असावी किंवा पोर्ट पुढे असावा. पुढचा पोर्ट म्हणजे भिंतीचा परिणाम टळला असे मात्र कोणी समजू नये. कमी कंपनसंख्येचा ध्वनी पेटीच्या सर्व बाजूंना पसरतो आणि जवळची भिंत त्यात ६ डेसिबलपर्यंत भर घालू शकते, मग पोर्ट कुठेही असो. पुढच्या पोर्टमुळे फक्त त्याचे तोंड भिंतीने कोंडले जात नाही.

सीलबंद पेटीचा आवाज खालच्या बाजूला सप्तकामागे १२ डेसिबलने, म्हणजे पोर्टवाल्या पेटीच्या निम्म्या उताराने, कमी होतो आणि भिंतीची भर त्यात छान मिसळते. त्यामुळे मन आधी तिकडेच ओढले. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांमधील तंत्रज्ञांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा सीलबंद आणि छोटा स्पीकर एका परिचितांकडे आहे. त्यावर स्त्रीस्वर ऐकल्यावर उठावेसे वाटत नाही. पण तो हातभर अंतरावरून ऐकण्यासाठी घडवलेला, आणि त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज, ८३ डेसिबलच्या आसपास. तीन मीटरांवर आवाज मोकळ्या जागेतल्या हिशोबाने सुमारे १० डेसिबलने उतरतो; दोन स्पीकर आणि खोलीचा प्रतिध्वनी मिळून त्यातले सहाएक डेसिबल परत देतात. कानापाशी ९५ डेसिबलची शिखरे हवी असतील तर ९० डेसिबलच्या स्पीकरला ८ वॅट पुरतात, ८३ डेसिबलच्या स्पीकरला ४० लागतात. चाळीस वॅटचा अँप्लिफायर काही दुर्मिळ नव्हे, परंतु पाच इंची वूफरला, म्हणजे खालचे स्वर देणाऱ्या पडद्याला, ते चाळीस वॅट पेलताना किती धाप लागते हा खरा प्रश्न आहे, आणि मोठ्या खोलीत ती धाप ऐकू येते.

येथे एक सावधगिरी नोंदवतो. माहितीपत्रकातली सेन्सिटिव्हिटी बहुधा २.८३ व्होल्टला दिलेली असते. आठ ओहमच्या स्पीकरला तो एक वॅट होतो, चार ओहमच्या स्पीकरला दोन. म्हणजे तीन डेसिबलची श्रीमंती नुसत्या कागदावरची. ओहम न बघता डेसिबलची तुलना करू नये.

अखेरीस साडेसहा इंची वूफर आणि पुढे पोर्ट असलेले दोन पर्याय उरले : एलाकचा डेब्यू बी६.२ आणि ट्रायँगल या फ्रेंच कंपनीचा बोरिया बीआर०३. एलाक सुमारे २७ सेंटिमीटर खोल आहे, बोरिया ३१. माझ्या ३५ सेंटिमीटरच्या फळीवर दोन्ही बसतात. एलाकचा मधला भाग मला अधिक शांत आणि भारदस्त वाटला. पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८७ तर बोरियाची ९०, आणि तीन मीटरांवरून तबल्याची चाट बोरियावर जास्त मोकळी येत होती. बोरिया घेतला. छोट्या खोलीत मी बहुधा उलट निवड केली असती.

ऑक्टोबर

स्पीकर आणले त्या दिवशी ते फळीच्या आत ढकलून ठेवण्याची चूक मी केली, कारण पुढून कपाट नीटनेटके दिसत होते. आवाज मात्र डब्यातून आल्यासारखा होता. आता दोन्ही पेट्या फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे आहेत आणि आजूबाजूला पुस्तके दाटून लावून त्यांची पाठ स्पीकरच्या दर्शनी बाजूच्या रेषेत आणली आहे. पेटीची दर्शनी बाजू मागच्या भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर असल्याने परावर्तित लाट २४५ हर्ट्झच्या सुमारास मूळ लाटेला मारते. पुस्तकांनी मोकळी जागा भरल्यावर तो खड्डा ७ डेसिबलवरून ३ वर आला. विश्वकोशाचे जाडजूड खंड आमच्याकडे प्रथमच एवढ्या उपयोगी पडले असावेत.

फळी जमिनीपासून १०७ सेंटिमीटरवर आहे, खुर्चीत बसल्यावर माझा कान ९७ वर. पेटी सरळ ठेवली तर ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर देणारा छोटा पडदा, फारच वर जातो, म्हणून दोन्ही स्पीकर उलटे केले. तरीही तो कानापेक्षा १९ सेंटिमीटर वर राहिला, तेव्हा सुताराकडून मागच्या बाजूला पाऊण इंचाच्या पाचरी करून घेतल्या आणि खाली रबर लावले. साडेतीन अंशांचा कल पुरेसा ठरला. नाव उलटे दिसते याची खंत पाहुण्यांनाच जास्त आहे.

फरशी शहाबादी आणि भिंती गुळगुळीत असल्याने टाळी वाजवली की झणझणाट ऐकू येत असे. दोन सतरंज्या, दारांना जाड पडदे आणि समोरच्या भिंतीवर आजीची गोधडी एवढ्याने मधल्या पट्ट्यातला निनादकाळ ०.९ सेकंदावरून ०.६ वर आला. ७१ हर्ट्झला याने काडीचाही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. तिथली लाट पावणेपाच मीटरांहून लांब आहे, तिला गोधडी दिसतही नाही.

डिसेंबर

खुर्चीच्या जागी ७१ हर्ट्झचा उरलेला उंचवटा ४ डेसिबलचा होता. तो रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरच्या कॅमिलाडीएसपी या ध्वनी सुधारणाऱ्या प्रणालीतल्या एका अरुंद फिल्टरने तेवढाच खाली आणला. खड्डे भरण्याचा मोह टाळला. शून्यबिंदूपाशी कितीही ताकद ओतली तरी खोली ती गिळते आणि वूफर उगाच दमतो. फक्त अगदी खालच्या स्वरांसाठीचा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर, सध्या नको, कारण माझ्या संग्रहातले बहुतेक गाणे खर्जाच्या तारेखाली उतरतच नाही.

काल घरातला तंबोरा काळी एकला लावून कपाटाजवळ छेडला आणि लगेच तेच जुने ध्वनिमुद्रण लावले. स्पीकरमधली खर्जाची तार अजून किंचित जाड आहे, पण रांजणातला हुंकार गेला आहे. अडचण राहिली ती भारतीय बैठकीची. सतरंजीवर बसल्यावर कान ७५ सेंटिमीटरवर येतो आणि तिथे जवारीची किनार बोथट होते. त्यासाठी साडेसात अंशांचा कल लागेल, म्हणजे चार सेंटिमीटरची पाचर, आणि तेवढ्या उतारावर पेटी पुढे घसरू नये म्हणून फळीच्या कडेला पट्टी. सुताराने पट्टीला होकार दिला आहे. आईने सागवानात खिळा ठोकण्याला अजून दिलेला नाही.