डॉक्टरांचा एक प्रश्न
आज धाकटीला चार वर्षांच्या तपासणीसाठी नेले होते. कार सीट, पोहण्याचा तलाव या नेहमीच्या प्रश्नांच्या ओघातच डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारले, "घरात बंदूक आहे का? असल्यास कुलपात, गोळ्या वेगळ्या ठेवता का?" लेक टेबलावरच्या कागदावर टाचा घासत बसली होती. मला क्षणभर अवघडल्यासारखे झाले.

इथे फ्लोरिडात २०११ साली नेमक्या याच प्रश्नावर कायद्याने बंधन घातले होते. बंदूक बाळगणे ही खासगी बाब असून तिची नोंद वैद्यकीय कागदपत्रांत अकारण होऊ नये, असे त्यामागचे म्हणणे होते. डॉक्टर न्यायालयात गेले आणि २०१७ साली अटलांटाच्या अपील न्यायालयाने विचारण्यावरचे व नोंदींवरचे निर्बंध अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवून रद्द केले. बंदूकधारक रुग्णाशी भेदभाव करू नये, हे कलम मात्र कायम राहिले आणि ते मला योग्यच वाटते.

आमच्याकडे बंदूक नाही, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि ही जिथे खेळायला जाते, त्या घरी?" मला ठाऊक नव्हते. संध्याकाळी संकोच बाजूला ठेवून शेजारणीला फोन केला. तिने न रागावता सांगितले, "आहे, पण तिजोरीत."