काजू पाहुणा, ढेकण्या घरचा

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात चहा फक्त कपात मिळतो, मळ्यात नाही. तरी यंदा आमच्या काजूचा मोहोर करपवला तो ‘टी मॉस्किटो बग’ने. नावात चहा, नावात डास, आणि हा दोन्हींतला नाही. ढेकणाच्या जातकुळीतला, म्हणून आपलं ‘ढेकण्या’ हेच नाव खरं.

बाबांचं म्हणणं, “पोर्तुगीजांनी काजू आणला, त्यातूनच आली असणार ही पीडा.” पहिलं बरोबर. सोळाव्या शतकात काजू ब्राझीलहून आला. पण ढेकण्याची सगळी जवळची भावकी आशिया, आफ्रिका नि ऑस्ट्रेलियाकडची, अमेरिकेत ती नाहीच. म्हणजे झाड परदेशी, कीड इथली. पुढ्यात नवं ताट आलं आणि हा पठ्ठ्या बसला जेवायला!

भिंग घेऊन एक कोंब पाहिला. पाठीवर टाचणी खोचल्यासारखा काटा, आणि सोंड घुसली तिथे काळपट डाग, डिंकाचा थेंब. अंडी कोवळ्या देठाच्या आत. बाहेर डोकावतात ते फक्त दोन केस. त्याला हवा कोवळा रस, मग झाड कडुनिंबाचं असो, पेरूचं असो की कोकोचं. काजू धरला म्हणून त्यानं कडुनिंब सोडला नाही.

उलट आमच्या न्हाणीमागच्या कढीपत्त्यावर येणारं लिंबाचं फुलपाखरू. काय तो चोखंदळपणा! परवा मादी तुळशीवर टेकली, उडाली. जास्वंदीवर टेकली, उडाली. कढीपत्त्यावर मात्र पुढच्या पायांनी पान बडवलं (चव तिला पायानं कळते) आणि मोहरीएवढं एक अंडं चिकटवून गेली. लिंबू, बेल, कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं. पण तिची पिल्लं बावचीही फस्त करतात, आणि बावची तर शेंगांच्या कुळातली! लिंबाच्या कुळातली काही रसायनं बावचीतही आहेत. तिचं वनस्पतिशास्त्र आपल्या पुस्तकातलं नव्हे, पायातलं.

अमेरिकेत याहून मजा झाली. हॉथॉर्न या तिथल्या काटेरी झाडाच्या फळांत वाढणारी एक माशी बाहेरून आलेल्या सफरचंदावर गेली. १८६० च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ बेंजामिन वॉल्श यांनी ते हेरलं. सफरचंद आधी पिकतं, म्हणून सफरचंदवाल्या माश्या आता आधी बाहेर पडतात. सोयरीक बहुतेक आपापल्या झाडावरच. एका जातीची दोन घराणी होऊ घातलीत.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं. आणि फवारणी?”

बांधाकडच्या काजूवर हुमल्यांची, म्हणजे पानं जोडून घर करणाऱ्या लाल मुंग्यांची, घरटी आहेत. तिथला मोहोर बराच शाबूत आहे, कारण हुमले ढेकण्याला टिकू देत नाहीत. काजूचे बोंडू गोळा करताना चावतात म्हणून बाबा दरवर्षी ती घरटी जाळतात. यंदा चूड पेटवायच्या आधीच मी आडवा आलो. दोन हुमले मानेला डसले, ते वेगळं.