लोकल पुढे धावते तेव्हा मागे काय जातं?

दादर सोडून चर्चगेटकडे निघालेली फास्ट लोकल ताशी 72 किलोमीटरने, म्हणजे 20 मी/से वेगाने धावतेय. या क्षणी तिचा एक भाग चक्क दादरच्या दिशेने सरकतोय. कोणता?

चाकाच्या फ्लँजचं, म्हणजे रुळाच्या आतल्या बाजूने खाली उतरणाऱ्या कडेचं, सर्वांत खालचं टोक. चाक न घसरता गडगडतं तेव्हा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता थांबलेला असतो. चाकाचा मध्य 20 ने जातो, माथा 40 ने. टेकलेल्या बिंदूच्या वरचं सगळं पुढे जातं, तेव्हा त्याच्या खाली काही असलंच तर ते मागेच जाणार. फ्लँज रुळाच्या माथ्याखाली साधारण 3 सेंटिमीटर उतरलेली असते. चाकाची त्रिज्या 47.5 सेंटिमीटर धरली, तर त्या टोकाचा वेग 20 × 3 ÷ 47.5, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर, उलट दिशेने.

हे प्लॅटफॉर्मवरून मोजलेलं. डब्यात बसलेल्याला तर चाकाचा खालचा अख्खा अर्धा भाग मागे जाताना दिसेल. यांत्रिकीत मुलं अडकतात ती बहुतेक इथेच. सूत्र पाठ असतं, पण कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय आणि कुठून मोजतोय, हे ठरवलेलं नसतं.

टेकलेला बिंदू थांबलेला असतो, यातून पुढचा पेच निघतो. लोकलला पुढे ढकलणारं बाहेरचं बल एकच, रुळाचं घर्षण. मोटर चाक फिरवते, चाकाचा खालचा भाग मागे घसरू पाहतो आणि रूळ त्याला पुढे रेटतो. (मोटर नसलेल्या डब्यांच्या चाकांवर, गाडी वेग घेत असताना, हेच घर्षण उलट दिशेने असतं. सगळ्या चाकांवर एकाच दिशेचा बाण काढला की गुण गेले.) पण हे घर्षण ज्या बिंदूवर लागतं तो हलतच नाही, मग त्याचं कार्य शून्य. तरीही गाडीची गतिज ऊर्जा वाढते. ही ऊर्जा ओव्हरहेड वायरच्या 25,000 व्होल्टमधून मोटरकडे आलेली असते. घर्षण गाडीला संवेग (वस्तुमान × वेग) देतं, ऊर्जा देत नाही. दोन्ही हिशेब वेगळे ठेवायचे.

ते वेगळे ठेवता येतात का, हे तपासायला माझ्या मते पुढच्या प्रश्नाइतका चांगला प्रश्न नाही.

त्याच गाडीत एक जण 160 ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू पुढच्या दिशेने 5 मी/से वेगाने फेकतो. डब्यातल्या माणसाच्या मते चेंडूला ½ × 0.16 × 25 = 2 जूल मिळाले. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला चेंडूचा वेग 20 वरून 25 झालेला दिसतो. म्हणजे गतिज ऊर्जा 32 वरून 50 जूल, वाढ 18 जुलांची. दंडातून खर्च झालेली ऊर्जा तर 2 जूलच. वरचे 16 जूल कुठून आले?

‘ऊर्जा सापेक्ष असते’ असं म्हणून विषय मिटवतात. वाक्य खरं आहे, पण ते उत्तर नव्हे, कारण प्रत्येक चौकटीत, म्हणजे जिथून मोजतोय त्या प्रत्येक जागेवरून, हिशेब स्वतंत्रपणे जुळायलाच हवा. तो मांडून बघू. हाताने 8 न्यूटन बल 0.1 सेकंद लावलं असं समजा. 8 × 0.1 ÷ 0.16 = 5, म्हणजे वेगातला बदल बरोबर. डब्यात मोजलं तर तेवढ्या वेळात चेंडू 0.25 मीटर सरकला, कार्य 2 जूल. प्लॅटफॉर्मवरून मोजलं तर त्याच वेळात गाडीही 2 मीटर पुढे गेली, म्हणून चेंडू 2.25 मीटर सरकला, कार्य 18 जूल. बल तेच, अंतर वेगळं.

आता फेकणाऱ्याचे पाय बघा. तोल सांभाळायला तो फरशीला 8 न्यूटनने मागे रेटतो आणि ती फरशी 2 मीटर पुढे गेलेली आहे. गाडीवर झालेलं कार्य उणे 16 जूल. गाडीने 16 दिले, दंडाने 2 दिले, चेंडूला 18 मिळाले. चेंडू मागे फेकला तर? चेंडूचे 14 जूल कमी होतात, दंडाचे 2 त्यात मिळतात आणि गाडीला 16 जूल जास्त मिळतात.

चूक होते ती ‘गाडी एवढी अवजड, तिच्यावर काय परिणाम होणार’ या विचारामुळे. वस्तुमान 400 टन धरा. संवेग 0.8 एककांनी घटला, म्हणजे वेग सेकंदाला फक्त 2 मायक्रोमीटरने कमी झाला. नगण्य खराच. पण ऊर्जेतली घट म्हणजे वस्तुमान × वेग × वेगातली घट: 4,00,000 × 20 × 0.000002 = 16 जूल. इवल्याशा आकड्याला अवाढव्य आकड्याने गुणायचं राहून जातं.

वळणावरच्या बेस्ट बसचा प्रश्न त्यामानाने सोपा, तरी दरवर्षी चुकतो. 15 मीटर त्रिज्येचं वळण, वेग 5 मी/से, प्रवासी 60 किलोचा, तर बल 100 न्यूटन. रस्त्यावरून पाहिलं तर आतल्या दिशेचे हे 100 न्यूटन एवढंच आडवं बल, सीट किंवा दांड्याने दिलेलं. बसमधून पाहिलं तर त्याशिवाय बाहेरच्या दिशेचे 100 न्यूटन छद्मबल (वळणाऱ्या बसमधून मोजल्यामुळेच धरावं लागणारं बल) आणि प्रवासी स्थिर. दोन्ही बाण रस्त्यावरच्या आकृतीत काढले तर बेरीज शून्य होईल आणि बस वळली तरी प्रवासी सरळच जाईल.

प्रकाशाच्या जवळच्या वेगाला गेलं की ‘कुठून मोजतोय’ हा प्रश्न तोच राहतो, फक्त घड्याळंही हिशेबात घ्यावी लागतात. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे सुमारे 15 किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. वेग प्रकाशाच्या 0.998 पट धरला तर खाली यायला 50.1 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ 23 आयुष्यं. त्या हिशेबाने दहा अब्जांतला एखादाच जमिनीवर पोचायला हवा. पण त्यांचं घड्याळ 15.8 पट हळू चालतं. त्यांच्या लेखी 3.17 मायक्रोसेकंदच जातात आणि शंभरातले 24 पोचतात. पुढे कुलाब्याच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) स्थापना करणाऱ्या होमी भाभांनी 1938 मध्येच लिहिलं होतं की अशा कणांवरून सापेक्षता थेट तपासता येईल. 1941 मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी ते मोजून दाखवलं.

इथवर सगळ्यांना पटतं. मग एखादी हुशार मुलगी विचारते, ‘सर, म्युऑनच्या दृष्टीने तर आपलं घड्याळ हळू चालायला हवं ना?’ हो, चालतं. म्युऑनला वातावरणाची जाडी 950 मीटरच दिसते, ती 3.17 मायक्रोसेकंदांत सरते आणि तेवढ्यात जमिनीवरचं घड्याळ त्याच्या मते जेमतेम 0.2 मायक्रोसेकंद पुढे सरकतं. मग आपले 50.1 कुठे गेले?

आपण दोन घड्याळं वापरली होती, एक वर आणि एक जमिनीवर, दोन्ही जुळवलेली. म्युऑनच्या चौकटीत ती जुळलेली नाहीत. जमिनीवरचं घड्याळ सुरुवातीलाच vL/c² एवढं पुढे आहे. v म्हणजे म्युऑनचा वेग, c म्हणजे प्रकाशाचा, आणि L म्हणजे 15 किलोमीटर घातले की येतात 49.9 मायक्रोसेकंद. त्यात 0.2 मिळवा, 50.1 झाले. ‘चालती घड्याळं मंद’ एवढंच शिकवून पुढे गेलं तर हा तिढा सुटत नाही. एककालिकत्वही, म्हणजे दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही हेही, सापेक्ष असतं, ते त्याच तासाला शिकवावं लागतं.

एक सूट मात्र वर घेतली आहे. हवेतून येताना म्युऑन सुमारे 2 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा गमावतो आणि 0.998 वेगाच्या म्युऑनची एकूण ऊर्जाच 1.7 च्या आसपास असते. म्हणजे हा उदाहरणातला म्युऑन प्रत्यक्षात वाटेतच थांबेल. जे जमिनीवर पोचतात ते निघतानाच याहून वेगवान असतात.