आणि मग फिलचं काय झालं?

आईला ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचा, नाद मी लावला हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढची तिची सगळी बोलणी मलाच का खावी लागली ते कळेल. २०२० चा लॉकडाऊन, तिच्या मालिकांची शूटिंग बंद पडलेली, टीव्हीवर जुनेच एपिसोड फिरतायत, आणि मी लॅपटॉपवर 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' लावून बसलेले. ती शेजारी मेथी निवडत होती. हिरवंगार कुरण, मोठं जुनं घर, पांढऱ्या कपड्यातली पोरं खिदळत पळतायत, आणि त्यांना सांभाळणारी ती शांत, हसरी बाई, जिला ती 'मामा' म्हणजे आई म्हणतात. "किती गोड मुलं आहेत गं," आई म्हणाली. मी काहीच बोलले नाही. पहिला एपिसोड माझा बघून झाला होता.

ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते. ग्रेस फील्ड नावाचा अनाथाश्रम, त्यात अडतीस मुलं. सहा वर्षांच्या कोनीला दत्तक घेतलंय म्हणून ती निघते पण तिचा कापडी ससा मागे राहतो, तो द्यायला एमा आणि नॉर्मन गेटपर्यंत धावतात आणि तिथे उभ्या ट्रकमध्ये त्यांना कोनी दिसते. मेलेली, छातीत एक लाल फूल खोचलेलं. तो आश्रम नसतोच, ते फार्म असतं. राक्षसांसाठी मुलं वाढवायची, बारा वर्षांची व्हायच्या आत पाठवायची, आणि मामा इझाबेला ही त्या फार्मची राखणदार. रोज ज्या परीक्षा असतात त्या मेंदूसाठी, कारण सगळ्यात चविष्ट तोच. जितके मार्क जास्त तितका माल भारी.

आईची मेथी तशीच राहिली.

तिथून पुढे आमचा कार्यक्रम ठरला, रात्रीची भांडी झाली की एक एपिसोड. पात्रं जपानी बोलायची, खाली इंग्रजी सबटायटल, आणि मी त्याचं मराठी करून सांगायचे, तेही पॉज न करता, कारण पॉज केलं की आई चिडायची. कीर्तनात मागे उभं राहून झांजा वाजवणाऱ्याची जी अवस्था असते ना, तीच. बारा एपिसोड असे काढले. आणि काय एपिसोड होते! मारामारी जवळजवळ नाहीच. दाराच्या फटीतून सरकणारा कॅमेरा, लाकडी जिन्याची करकर, भिंतीपलीकडून ऐकतंय का कोणी एवढीच भीती. तीन अकरा वर्षांची पोरं, एमा, नॉर्मन आणि रे, आणि एक बाई, समोरासमोर हसतायत आणि डोक्यात डाव टाकतायत. आई सारखी विचारायची, "ही बाई चांगली की वाईट, ते सांग एकदा." मी म्हणायचे थांब ना. शेवटी इझाबेला एमाचा पाय मोडते तेव्हा आई म्हणाली, "मेली," आणि पुढे तीच इझाबेला अंगाईचं ते गाणं गुणगुणते आणि ते रेला जन्माच्या आधीपासून माहीत असतं, म्हणजे तो तिच्याच पोटचा, हे कळल्यावर आई उठून पाणी प्यायला गेली. मला माहितीये तिला तहान लागली नव्हती.

पण तिच्या मनात घर करून राहिला तो फिल. चार वर्षांचा. पळून जाताना एमा चौदा जणांना घेऊन कडा ओलांडते, दोर टाकून, कपड्यांचे हँगर अडकवून घसरत, आणि पाच वर्षांखालची सगळी पिल्लं मागे ठेवते. फिलला ती विश्वासात घेऊन खरं काय ते सांगते, मी परत येईन म्हणते, आणि ते चार वर्षांचं पोर म्हणतं, मी थांबतो. बास. एवढ्यावर सीझन संपतो. आईने तेव्हापासून महिनाभर, फोडणी देताना, कपडे वाळत घालताना, मधेच कधीही विचारलंय: "आणि मग त्या फिलचं काय झालं?"

"दुसरा सीझन येणारे ना. ऑक्टोबरात."

ऑक्टोबरचा सीझन कोविडमुळे पुढे ढकलला आणि जानेवारी २०२१ वर गेला. आता हा योगायोग बघा. पहिला एपिसोड आला तो गुरुवार मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, म्हणजे आमच्याकडे उद्यापन. घट, पाच फळं, हळदीकुंकू (त्या वर्षी मास्क लावून, दोनच बायका), आणि महालक्ष्मीची कहाणी. ती कहाणी आई दरवर्षी वाचते, अगदी अक्षर न् अक्षर. मी लहानपणी भूक लागली म्हणून एकदा दोन पानं एकदम उलटली होती तर तिने मला परत पहिल्यापासून वाचायला लावलं होतं. "पान गाळलं की वाचलेलं सगळं फुकट," हा तिचा नियम. तर त्या रात्री पुरणपोळी खाऊन सुस्तावलेल्या आम्ही दोघी लॅपटॉपपुढे बसलो, आणि राक्षस माणसं खातात त्या गोष्टीचा पुढचा भाग लावला. असो.

सुरुवात बरी होती, खोटं कशाला बोलू. जंगल, सोंजू आणि मुजिका हे माणसं न खाणारे दोन राक्षस, आणि एक जागा तर फारच सुंदर. सोंजू एमाला शिकार शिकवतो. शिकार केलेल्या जिवाच्या छातीत एक फूल खोचायचं, ते रक्त पिऊन उमललं की देवाने आपला वाटा घेतला, मग उरलेलं आपण खायचं. एमाला त्या क्षणी कोनी आठवते, तेच फूल. आई हळूच म्हणाली, "नैवेद्यच की हा. आपण तुळशीचं पान ठेवतो तसा." मी इतकी वर्षं ॲनिमे बघतेय, त्यावर वाचते, भांडते, पण हे मला सुचलं नव्हतं. त्या रात्री वाटलं, हा सीझन पहिल्यापेक्षाही वरचढ होणार.

मी मांगा, म्हणजे ही मालिका ज्यावरून केली ती जपानी चित्रकथा, वाचलेला होता, इथेच माझी पंचाईत. काइउ शिराई यांनी लिहिलेला, पोसुका देमिझु यांनी काढलेला, २०१६ ते २०२० चार वर्षं चाललेला, १८१ प्रकरणं, वीस भाग. त्यामुळे मला माहीत होतं की आता पोरं त्या जमिनीखालच्या आसऱ्याच्या जागेत जाणार आणि तिथे टेबलापाशी एक माणूस बसलेला असणार. दाढी वाढलेला, अर्धवट वेडा, तेरा वर्षं एकटा, हातात बंदूक आणि बिस्किटं. युगो. त्याचे सगळे सोबती मेलेत आणि ही पोरं बघून त्याला तेच सगळं आठवतं म्हणून तो त्यांना हाकलायला, मारायलासुद्धा उठतो, आणि ही पोरं त्याला मुळीच भीक घालत नाहीत. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, थांब, एक भारी माणूस येणारे, तुला आवडेल, थोडासा आपल्या बंडूमामासारखाय. (बंडूमामा रिटायर झाल्यापासून गच्चीवरच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करतो आणि जेवायला हाक मारली की आधी शिव्या देतो.)

दार उघडलं. आत कोणी नव्हतं.

मी म्हटलं, येईल, मागून येईल. आई म्हणाली, "कुठाय तुझा बंडूमामा?" पुढच्या गुरुवारी पण नाही. मग त्या जागेवर बंदूकधारी माणसं चाल करून आली, पोरं पुन्हा रस्त्यावर, आणि मग पडद्यावर बरेच महिने निघून गेले, आणि पाचव्या एपिसोडच्या शेवटी नॉर्मन समोर उभा. तोच नॉर्मन, जो पहिल्या सीझनमध्ये बॅग घेऊन गेटकडे चालत गेला आणि आईने पदर डोळ्याला लावला. आता आला तर आईची प्रतिक्रिया काय, तर "अगंबाई, हा आहे होय." एवढंच. तिच्या आनंदाला बसायलासुद्धा जागा दिली नाही कोणी. मांगात तो येईपर्यंत मधे अख्खं गोल्डी पाँड आहे, राक्षसांचे सरदार मौज म्हणून मुलांची शिकार करतात ते गाव, शिकार सुरू झाली की तिथे संगीत वाजायला लागतं, आणि एमा पहिल्यांदा पळायचं सोडून उलटी फिरते. वाचणाऱ्या बहुतेकांना विचारा, सगळ्यात आवडता भाग तोच सांगतील. तो गाळला. युगोसकट.

थोडा हिशोब करू. पहिल्या सीझनने बारा एपिसोडांत पहिली ३७ प्रकरणं सांगितली. उरली १४४. ती अकरा एपिसोडांत. त्यातही मधे एक आठवडा नवीन एपिसोडच नाही, आधीच्या गोष्टीची उजळणी! म्हणजे गाडी सुटतेय, तुम्ही धावताय, आणि धावता धावता थांबून तिकीट पुन्हा एकदा नीट बघताय. बरं, मूळ गोष्ट तोवर लिहून झालेली होती, जून २०२० लाच. म्हणजे पुढे काय होणार माहीत नाही म्हणून भरकटले असंही नाही. पुस्तक समोर होतं.

मराठीत आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, उरकणं. काम करणं वेगळं, काम उरकणं वेगळं. आजी विचारायची, "पूजा केलीस का उरकलीस?" आणि देव तेच, फुलं तीच, घंटा तीच असली तरी तिला स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून कळायचं. चित्रं वाईट नव्हती, आवाज देणारे तेच, दिग्दर्शक मामोरू कानबे तेच, इझाबेलाची ती अंगाई पण तीच. फक्त पहिल्या सीझनमध्ये एक दार उघडायला जेवढा वेळ घ्यायचे तेवढ्यात इथे एक राज्य बुडायचं.

आणि शेवटचा एपिसोड. हा बघताना मी भाषांतर करायचंच विसरले. पोरं माणसांच्या जगात जातात, एमा आणि काही जण मागे राहतात राक्षसांचं जग सुधारायला, आणि मग ते जग सुधारणं, राजाला भेटणं, नवा करार, लढाया, वर्षं, हे सगळं फोटोंमध्ये! एकामागून एक स्थिर चित्रं सरकतायत. लग्नाचा अल्बम दाखवताना पाहुण्याची एसटी सुटायला आली की आपण कशी पानं उलटतो, हे हळदीचे, हे सीमांतपूजन, हे सगळे मामाकडचे, हां हे जेवण, बास झालं. कितीतरी प्रकरणांत घडलेलं असं दोनेक मिनिटांत निघून गेलं. मूळ गोष्टीत एमाला सगळ्यांच्या सुटकेसाठी फार मोठी किंमत मोजावी लागते, काय ते सांगत नाही, वाचणारे वाचतील. इथे किंमतबिंमत काही नाही, सगळे हसत धावत येऊन भेटतात. नंतर श्रेयनामावली बघितली तर मालिकेची मांडणी कोणाची त्या जागी कोणाचंच नाव नाही. पत्रिकेवर निमंत्रकच नसावा तसं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फिलला आणलं ना पण?"

"आणलं की. दाखवलं ना."

"कधी?"

"मगाशी. ती पोरं सोडवली त्यात होता."

"मला दिसला नाही नीट." आणि मग, अगदी सहज, मटारचं ताट पुढे ओढत, "पान गाळलंय त्यांनी."

मी हसले पण मला लाजच वाटली, जणू मीच ते केलंय. आपण एखाद्याला पोटतिडकीने सांगतो ना की बघच, माझ्यासाठी बघ, तेव्हा आपण न विचारता जामीन राहिलेलो असतो. कर्ज त्यांनी बुडवलं की वसुली आपल्या दारात. ऑफिसमध्ये दोघातिघांना मी हीच सिरीज सांगितली होती, त्यातला एक अजून लिफ्टमध्ये भेटला की मोबाईलवर फोटो सरकवल्यासारखी बोटं करतो. हल्ली मी कोणाला सांगताना 'एकच सीझन आहे' असं सांगते. धडधडीत खोटं, पण चालतं. अधूनमधून मनात येतं की 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं एकदा २००३ मध्ये वेगळ्याच वळणाने गेलेलं ॲनिमे पुढे २००९ मध्ये मूळ मांगाला धरून नव्याने केलं होतंच की, मग हेही करतील. पण तेव्हा मांगा पूर्ण झालेलाच नव्हता, त्यांना निदान कारण तरी होतं.

त्या शनिवारी मी कपाटातून मांगाचे भाग खाली काढले. आईला चष्मा लावूनही ती चित्रं लागत नाहीत, उजवीकडून डावीकडे वाचायचं म्हटल्यावर तर तिने हातच जोडले. म्हणून मग मीच वाचून दाखवायचं ठरलं, रात्री, भांडी झाल्यावर. जमिनीखालची ती जागा आली, दार उघडलं, टेबलापाशी माणूस. आई ताठ बसली. बिस्किटं, बंदूक, पोरांनी त्याला हैराण केलेलं, सगळं तिने लेकाच्या खोड्या ऐकाव्या तसं ऐकलं. एकदा तर माझं एक पान चिकटून पुढे गेलं तर तिला लगेच कळलं, म्हणाली, मागे जा, आत्ता तो चिडला होता, एवढ्यात हसला कसा?

आता आम्ही गोल्डी पाँडच्या पुढे आलोय. युगो आता पोरांचं ऐकतो, तिला तो बंडूमामापेक्षा बराच बरा वाटतो, आणि काल दिवा मालवता मालवता तिने विचारलं, "हा शेवटपर्यंत असतो ना गं त्यांच्यासोबत?"

मी म्हटलं, उद्या वाचू.