ध्वजदिनाचा डबा आणि खडकीचा पत्ता

शाळेत असताना ७ डिसेंबरला लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचा कागदी ध्वज टाचणीने खिशावर लावण्यासाठी आम्ही घरून आणलेली नाणी डब्यात टाकत असू. हे पैसे पुढे कुठे जातात, हा प्रश्न मला खडकीत राहायला आल्यावर पडला.

१९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचे संकलन महाराष्ट्रात जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये यांच्यामार्फत होते. युद्धात जखमी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील जवानांच्या कुटुंबांचे कल्याण आणि माजी सैनिकांची सोय हे त्याचे घोषित हेतू आहेत.

खडकीत ही मदत एका जुन्या रूपात दिसते. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या सैनिकांसाठी मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९२२ साली ती खडकीला आली. अपंग सैनिकाला केवळ पैसे देण्याऐवजी त्याला धंदा शिकवून कमावते करावे, ही तिची कल्पना मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते.

पण मणक्याला गोळी लागून कमरेखालचे शरीर निकामी झालेल्याचे काय? अशा सैनिकांसाठी खडकीतच १९७४ साली पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभे राहिले. तिथल्या खर्चाला युद्धविराम ठाऊक नसतो. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाची भीती आयुष्यभर राहते. त्यामुळे पंचविशीत जखमी झालेल्या जवानाला पुढची कित्येक दशके पुरेल अशी शुश्रूषा हवी असते.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच, परंतु देणगीदाराने पदकांवरून मदतीचे मोल ठरवू नये. पलंगावरच्या माणसाचे दिवस कोणी मोजत नाही. (देणगीच्या आवाहनांत चमत्काराच्या कथा मला म्हणूनच थोड्या खुपतात.)

युद्धाच्या दिवसांत देणग्या भरभरून येतात, शांततेत त्या डिसेंबरपुरत्या उरतात. म्हणून यंदा मी ध्वजनिधीची रक्कम जूनमध्येच भरायला गेलो. पावती फाडताना कारकुनाने मान वर करून विचारले, "साहेब, डिसेंबरला अजून बराच वेळ आहे की?"