क्यूब कोणी भरला?

क्युअरिंगच्या, म्हणजे काँक्रीट पाण्यात मुरवायच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून मी काँक्रीटचे क्यूब शोधत होते. सिमेंटच्या चुन्यानं टाकीतलं पाणी दुधाळ होतं, वर टाकलेला नंबर दिसत नाही. चाचपून कोपरा सापडवायचा आणि आठ-साडेआठ किलोचा ठोकळा दोन्ही हातांनी वर ओढायचा. एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाचा तो बुधवार. सात दिवसांपूर्वी भरलेले तीन क्यूब ताकद मोजायला फोडायचे होते.

माझा विषय तसा घासून गुळगुळीत झालेला : सिमेंटच्या २० टक्के जागी फ्लाय अ‍ॅश. राख एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली, खडी आपली काळ्या दगडाची, नदीची वाळू महाग म्हणून क्रश सँड. ग्रेड एम-२५, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकदीचं काँक्रीट. बिनराखेचे, म्हणजे कंट्रोलचे तीन क्यूब दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी फोडले होते. सरासरी १७.५ न्यूटन. अपेक्षेपेक्षा कमीच, पण मी मनावर घेतलं नाही. सातव्या दिवसाचं काय एवढं, अठ्ठावीसला बघू.

क्यूब पुसून, काटा करून, सीटीएमच्या, म्हणजे क्यूब दाबून फोडणाऱ्या यंत्राच्या प्लेटमध्ये आडवा ठेवला. भरताना वर असलेली खरखरीत बाजू प्लेटला लागता कामा नये, ती बाजूला यायला हवी. मग पंप सुरू. लोड सेकंदाला पाच किलोन्यूटनच्या आसपास चढतो, आकडा संथ वर सरकतो आणि आपण उगाच श्वास धरून उभे. आधी बारीक करकर ऐकू येते, मग कडांचे टवके सुटतात, आणि दबक्या आवाजात क्यूब बसतो. नीट फुटला तर चारही बाजू सारख्या ढासळतात आणि मधे डमरू उरतो.

तिन्ही डमरू सुबक निघाले. ४३४, ४४०, ४४९ किलोन्यूटन. भागिले क्यूबच्या बाजूचं क्षेत्रफळ, २२,५०० चौरस मिलिमीटर, सरासरी १९.६ न्यूटन. राखेचं काँक्रीट कंट्रोलपेक्षा १२ टक्के सरस, तेही सात दिवसांत! मी उभ्या उभ्या मनातल्या मनात पेपरचं शीर्षकही ठरवून टाकलं. तेव्हा माझं वय तेवीस होतं, हे इथे नमूद केलेलं बरं.

रजिस्टर काखेत मारून माझ्या गाइड सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी आकडे दोनदा वाचले.

"आनंद नंतर कर. सात दिवसांत राखेनं नक्की काय केलं, ते सांग."

आणि मी गप्प. कारण उत्तर मला पाठ होतं. राख स्वतः सिमेंटसारखी बांधत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेत जो चुना सुटतो, त्याच्याशी राखेतली सिलिका हळूहळू जुळते आणि जास्तीचा बंध तयार होतो. हे काम आठवड्यांचं, महिन्यांचं. सातव्या दिवशी राखेचा क्यूब मागेच असायला हवा. माझ्याच सिनॉप्सिसमध्ये मी तसं लिहिलेलं होतं.

"वजनं वाच."

वजनं ज्युनिअर पोरानं लिहिली होती. आम्ही ती लिहायची म्हणून लिहायचो, बघायचो नाही. कंट्रोल : ८.१६, ८.१९, ८.१४. राखेचे : ८.४३, ८.४०, ८.४५.

"राख सिमेंटपेक्षा हलकी की जड?"

"हलकी, सर." सिमेंटची घनता ३.१५, राखेची २.२च्या आसपास. वजनाला वजन बदली केली की राखेचा क्यूब थोडा हलकाच भरायला हवा. इथे उलटं. म्हणजे राखेचे क्यूब भारी नव्हते, माझे कंट्रोलचे पोकळ होते. काँक्रीटमध्ये एक टक्का हवा राहिली की ताकद पाचेक टक्क्यांनी उतरते, हे बी.ई.ची पोरंही सांगतात. माझ्या क्यूबमध्ये तीन-चार टक्के तरी असावी.

"कोणी भरले?"

आता उलगडा झाला. साचा हलवून हवा काढणारं व्हायब्रेटिंग टेबल महिनाभर बंद, सगळं हातानं. राखेचे क्यूब आमच्या लॅबमधल्या मदतनीस मामांनी भरले होते. कंट्रोलच्या दिवशी मामा गावच्या जत्रेला गेलेले, म्हणून ते मी आणि ज्युनिअरनं भरले. आयएस ५१६ या भारतीय मानकात होतं तसे तीन थर, थराला ३५ ठोके, सोळा मिलिमीटरचा रॉड. ठोके मी मोजून दिले होते, एकही कमी नाही.

सरांनी मामांना बोलावलं. मामांनी एका क्यूबचा तुकडा उचलला, नखानं एक भोक खरवडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही कुटत नाही, नुसतं टोचता. रॉड खालच्या थरात शिरला पाहिजे."

३५ ठोके मोजता येतात, त्यांतला जोर रजिस्टरमध्ये येत नाही. मला राग आला होता, मामांचा नाही, माझाच. अर्धा दिवस मी राखेला श्रेय देत बसले आणि मोजला होता मामांचा दंड.

चहा पिताना सरांनी दोन गोष्टी सांगितल्या, बहुधा माझा चेहरा बघून. २०११ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासोच्या प्रयोगशाळेला, सुमारे ७३० किलोमीटरवर पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचलेले दिसले. आइन्स्टाइन चुकला की काय, अशी जगभर चर्चा. शेवटी सापडली नीट न बसलेली एक फायबर केबल. दुसरी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीची. तिथे वर्षानुवर्षं अधूनमधून चमत्कारिक संकेत यायचे. २०१५ मध्ये कळलं की, तिथलेच लोक मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आत दार उघडत होते. "त्यांच्यापुढे तुझे तीन क्यूब काहीच नाहीत," सर म्हणाले. दिलासा होता की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री चुलतभावाला फोन केला. तो राहुरीला कृषी विद्यापीठात. ऐकून हसायलाच लागला. "तुम्ही चिठ्ठ्या टाकत नाही? आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. एका टोकाची जमीन कसदार असते, म्हणून कुठल्या वाफ्याला कुठलं खत ते लॉट काढून ठरवायचं." संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेतांवर हेच बसवलं. आम्ही इंजिनिअर मात्र समजत होतो की, आमच्या साच्यात जमीन नसते.

शनिवारी बारा साचे मांडले. दोन्ही मिक्स त्याच दिवशी. प्रत्येक मिक्सचा पॅनमधला माल एकच, त्यातून निम्मे साचे मामांनी भरायचे, निम्मे मी. कुठला साचा कोणाचा, ते चिठ्ठ्या टाकून. क्यूबवर फक्त नंबर. फोडणाऱ्या ज्युनिअरला यादी दाखवायची नाही. मामांना हा सगळा पोरखेळ वाटला, पण चिठ्ठ्या त्यांनीच काढल्या.

सात दिवसांनी यादी उघडली. मामांचा कंट्रोल राखेच्या पुढे, जसा असायला हवा तसा. माझा कंट्रोल मामांच्या कंट्रोलपेक्षा तीन न्यूटननं खाली, यावेळी जीव तोडून कुटूनही. राखेच्या मिक्समध्ये मात्र आमच्या दोघांतला फरक दीड न्यूटनही नव्हता. सर त्यावर बराच वेळ रेंगाळले. राखेचे कण काचेच्या गोळ्यांसारखे गोल असतात, त्यामुळे माल सरकतो, अडाणी हातालाही लवकर बसतो. पहिल्या वेळी राखेला फायदा मिळाला होता तो मामांचा, आणि थोडा या गोलपणाचाही असणार. माझ्या प्रबंधात वाचण्याजोगा परिच्छेद तेवढा एकच आहे. बाकीचं, अठ्ठावीसला राख थोडी मागे आणि नव्वदला बरोबरीत, हे सगळ्यांचंच येतं.

तेव्हापासून रजिस्टरला एक रकाना वाढला : 'भरणारा'. नावं नकोत म्हणून अ आणि ब. एकदा मामा साच्यांना तेल लावता लावता डोकावले.

"ताई, यात मी कुठला?"

"ब."

"आणि आकडे कुणाचे चांगले आले?"

"ब चेच."

ते काही बोलले नाहीत. फडका पुन्हा तेलात बुडवला आणि पुढचा साचा जवळ ओढला.